क्रेडिट म्हणजे जमा की उधारी?

जनावरांना वैरण टाकून, चहाचं आधण ठेवून तुम्ही रेडिओ लावला असेल. आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे, मोबाइलवर रोज येतो, पासबुकावर छापलेला असतो, आणि तरीही त्याच्यामुळे एका गटाची दिवाळी पन्नास हजारांनी महागात पडणार होती. तो शब्द म्हणजे क्रेडिट.

आधी काय झालं ते सांगते. माण तालुक्यातल्या एका गावात गटाची मासिक बैठक होती. गावाचं आणि गटाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची एकटीची नव्हती, माझीही होती. दहा जणींचा गट, वेळेवर बचत, वेळेवर परतफेड, इतिवृत्त लिहिलेलं. त्या दिवशी सचिव असलेल्या आक्कांनी बँकेतून पासबुक भरून आणलं होतं. चष्मा लावून त्यांनी शेवटची ओळ वाचली, “कॅश क्रेडिट खातं. बॅलन्स एक लाख अठ्ठेचाळीस हजार.”

खोलीत एकदम हसू पसरलं. एक काकू म्हणाल्या, “एवढं साठलं? आपल्याला ठावंच न्हाई!” दुसरीनं बोटांवर हिशेब केला, दहा जणींत वाटले तर प्रत्येकीला चौदा हजार आठशे. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. मग ठरलं, सगळे काढायला नकोत, पन्नास हजार काढू, प्रत्येकीला पाच हजार, बाकीचे राहू देत खात्यात. ठराव लिहिला. अध्यक्ष आणि सचिव, दोघींनी पैसे काढायच्या स्लिपवर सह्या केल्या. मी तिथंच बसले होते. पासबुक माझ्या हातातून पुढं गेलं होतं. मी बी.ए. झालेली बाई, इंग्रजी वाचता येतं असं समजणारी. मीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बँकेत आमच्या बँक सखीनं स्लिप बघितली, पासबुक बघितलं आणि आक्कांना बाजूला घेतलं. त्या एक लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या पुढं बारीक अक्षरात दोन इंग्रजी अक्षरं होती, डीआर. ती म्हणाली, “आक्का, हे तुमचं साठलेलं नाही. हे तुम्ही बँकेचं देणं लागता.”

गटाला दोन लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर होती. त्यातून तिघींनी म्हशी घेतल्या होत्या, एकीनं शिलाई मशीन. उचलले गेले आणि परत भरले गेले, असं करत एक लाख अठ्ठेचाळीस हजार देणं शिल्लक होतं. दोन लाखांतून ते वजा केलं की बावन्न हजार उरतात, आणि तेवढे अजून काढता आले असते. म्हणजे पन्नास हजारांची ती स्लिप बँकेनं वटवलीही असती! कुणी अडवलं नसतं. आमच्या बायांनी कर्ज काढून एकमेकींना दिवाळीची भेट दिली असती, आणि देणं एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांवर गेलं असतं. वर व्याज.

घरी येऊन मी वही घेतली आणि क्रेडिट या शब्दाला आपल्या भाषेत काय काय म्हणतात ते लिहीत बसले. एक पान पुरलं नाही.

पहिला अर्थ, जमा. मोबाइलवर मेसेज येतो, अमुक रुपये क्रेडिटेड. म्हणजे खात्यात जमा झाले. डेबिटेड आलं की गेले. हे बहुतेकींना माहीत आहे. घोळ होतो तो पासबुकातल्या सीआर आणि डीआरचा. सीआर म्हणजे क्रेडिट आणि डीआर म्हणजे डेबिट, डॉक्टर नव्हे. आता लक्ष द्या. पासबुक ही आपली वही नाही, ती बँकेच्या वहीची नक्कल आहे. आपण बँकेत पैसे ठेवले की बँक आपली देणेकरी होते, म्हणून ती आपल्या नावापुढं सीआर लिहिते. आपण बँकेकडून घेतले की आपण देणेकरी, मग ती डीआर लिहिते. आपल्या गटाच्या रोखवहीत हेच उलटं दिसतं, कारण ती वही आपल्या बाजूनं लिहिलेली असते. शाळेत हिशेब शिकताना “घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा” असं पाठ केलं असेल, ते हेच. तेव्हा पासबुक वाचताना आकड्याकडे बघायच्या आधी त्याच्या पुढची दोन अक्षरं बघायची. शिल्लक रकमेपुढं सीआर असेल तर तेवढं बँकेकडून आपल्याला येणं आहे. डीआर असेल तर तेवढं आपल्याकडून बँकेला देणं आहे.

जमा या अर्थाचा एक चोरटा वापरही सुरू झाला आहे. साध्या मोबाइल नंबरवरून मेसेज येतो, “तुमच्या खात्यात दहा हजार क्रेडिट झाले.” पाठोपाठ फोन, “ताई, चुकून तुमच्याकडं आले, पोरगं दवाखान्यात आहे, तेवढे माघारी टाका.” आपण भोळ्या मनानं टाकतो. आलेले काहीच नसतात, गेलेले मात्र खरे असतात. क्रेडिट असं लिहिलेला मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. आधी स्वतःच्या खात्यात शिल्लक बघा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे आपल्याकडून जाणार आहेत. गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करायचा. किती लवकर कळवलं यावर पैसे अडवता येतील की नाही हे पुष्कळ अवलंबून असतं.

दुसरा अर्थ पहिल्याच्या बरोबर उलटा, उधारी. क्रेडिटवर घेतलं म्हणजे उधार घेतलं. एकाच शब्दात येणंही आणि देणंही, म्हणून तर आमची फसगत झाली. पण खरी गंमत पुढं आहे. इंग्रजी एका शब्दात जे कोंबतं, त्याला आपल्याकडं किती शब्द आहेत बघा.

शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ते उसनं. त्याला व्याज नाही, कागद नाही. वाटी रिकामी परत द्यायची नाही एवढाच रिवाज. भावाकडून चार हजार रोख आणले, दोन महिन्यांत देते म्हटलं, तर ते हातउसने. दुकानातून तेल-डाळ नेलं आणि वहीत लिहायला सांगितलं, ती उधारी. इथं वही आली, पण ती दुकानदाराकडं असते आणि त्यात काय लिहिलंय ते आपण सहसा बघत नाही. बँकेकडून, सोसायटीकडून घेतलं ते कर्ज. इथं व्याज, हप्ता, जामीन आणि सह्या. दागिने ठेवले तर गहाण किंवा तारण.

आणि उचल. या शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण सातारा-सांगलीच्या बाईला तो दोन्ही बाजूंनी भेटतो.

उसाच्या हंगामात आपल्याकडं बीडकडून आणि मराठवाड्यातून तोडणीच्या टोळ्या येतात. आपल्याच जत आणि माणमधूनही टोळ्या जातात. मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो. ती कोयत्यावर असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडतात. ते बाईनं मोजलेलेही नसतात, पण पहाटे चार वाजता उठून मोळ्या बांधून ती फेडते. माझ्या एका गटात अशी एक वहिनी आहे. मी तिला विचारलं, तुमची उचल किती? ती म्हणाली, “मला काय ठावं, मालकास्नी ईचारा.” तिच्या अंगावर किती कर्ज आहे हे तिला ठाऊक नव्हतं, कारण त्याला कर्ज म्हणतच नाहीत. उचल म्हटलं की वाटतं काहीतरी उचलून घेतलं, आपलंच होतं.

ऊस ज्याच्या शेतातला, त्याच्या घरी मात्र पहिली उचल हा आनंदाचा शब्द आहे. दरवर्षी गाळप सुरू होताना पहिली उचल किती यावर आंदोलनं होतात. ती उचल म्हणजे कर्ज नव्हे, आपल्या उसाचे आपलेच पैसे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के दरानं व्याज. म्हणजे बिल थकलं की शेतकरी कारखान्याला उधार देत असतो. आपण याला कधी उधारी म्हणत नाही. बिल थकलंय म्हणतो आणि स्वतः किराण्याची उधारी वाढवतो.

म्हणून मला वाटतं, शब्द नेमका वापरला की निम्मा हिशेब तिथंच उमगतो. गावात मायक्रोफायनान्सचे लोक येतात, मोबाइलवर अॅपच्या जाहिराती येतात. “ताई, तुमचं क्रेडिट मंजूर झालंय, लिमिट वाढलंय.” ऐकायला बक्षीस लागल्यासारखं वाटतं. त्या वाक्यात क्रेडिटच्या जागी कर्ज घालून मोठ्यानं म्हणून बघा. “तुमचं कर्ज मंजूर झालंय, तुम्हाला आणखी कर्ज काढता येईल.” आता कसं वाटतं? घ्यायचं तर जरूर घ्या, पण कर्ज म्हणून घ्या. आणि हेही ध्यानात असू द्या, की २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना त्या घराच्या सगळ्या कर्जांच्या महिन्याच्या हप्त्यांची बेरीज घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. हा नियम कर्ज देणाऱ्यासाठी आहे. पण ती बेरीज आपणही घरी करू शकतो, त्याला काही इंग्रजी लागत नाही.

कुणी म्हणेल, ही बाई इंग्रजी शब्दांवर घसरली. तसं नाही. जमा आणि कर्ज हे शब्द अरबीतून आले, खर्च फारशीतून. हप्ता हाही फारशी, मूळ अर्थ आठवडा. शिवाजी महाराजांनी दरबारी फारशी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला होता, तरी जमा आणि खर्च आपल्या वहीत राहिलेच. राहिले ते चांगलंच झालं, कारण त्यांचा अर्थ आता आजीलाही कळतो. शब्द परका आहे याची मला तक्रार नाही. तो ऐकून आपण गप्प बसतो आणि विचारत नाही, एवढीच तक्रार आहे.

तिसरा अर्थ, पत. पतसंस्थेला इंग्रजीत क्रेडिट सोसायटी म्हणतात. मूळ लॅटिन शब्दात विश्वास ठेवणं असा अर्थ होता, तो आपल्या पत या शब्दात अजून जिवंत आहे. ऐपत वेगळी आणि पत वेगळी. ऐपत म्हणजे किती आहे, पत म्हणजे लोक किती विश्वास ठेवतात. दहा एकर बागायत असलेल्याला दुकानदार वही बंद करून दाखवतो आणि रोजानं जाणाऱ्या मावशीला म्हणतो, “न्या हो, पैशाचं काय.” ही पत.

पण बाईची पत कुणी मोजायची? म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकली असेल. चेतना सिन्हा आणि माणमधल्या बायकांनी बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो आधी नाकारला गेला, कारण प्रवर्तक म्हणून सह्यांच्या जागी कितीतरी अंगठे होते. बायका खचल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय करून दाखवावा, असं त्यांनी रिझर्व्ह बँकेत सांगितलं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. ज्यांना सही येत नाही त्यांना हिशेब येत नाही, हे गृहीतच चुकीचं होतं.

हल्ली पत आकड्यात मोजतात, तिला क्रेडिट स्कोअर म्हणतात. तीनशे ते नऊशे, जितका जास्त तितका चांगला. आपण सरसकट सिबिल म्हणतो, जसं कुठल्याही टूथपेस्टला कोलगेट म्हणतो. प्रत्यक्षात अशा चार कंपन्या देशात आहेत, सिबिल त्यातली एक.

सांगली जिल्ह्यातल्या एका गटातली एक ताई शेळीपालनासाठी कर्ज मागायला गेली. तिनं आयुष्यात कधी हप्ता चुकवला नव्हता. तरी कर्ज नाकारलं, सिबिल खराब. ती रडकुंडीला आली. माहिती काढली तेव्हा कळलं, पाच वर्षांपूर्वी दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला तिनं सही दिली होती. घरात दहा जण बसलेले, कागद पुढं आला, “वहिनी, इथं सही करा” म्हटलं आणि केली. ती जामीनदार झाली होती. दिराचे हप्ते थकले, डाग हिच्या पतीवर पडला. पती म्हणजे नवरा नव्हे बरं का, पत! ती ताई मला म्हणाली, “सही करताना मला वाटलं, मी साक्षीदार हाय.”

साक्षीदार आणि जामीनदार यांत फरक आहे. साक्षीदार म्हणतो, मी बघितलं. जामीनदार म्हणतो, यानं नाही दिलं तर मी देईन. कागद पुढं आला की एवढा एकच प्रश्न विचारायचा, मी कोण म्हणून सही करते आहे? घरच्यांचं तोंड वाकडं झालं तरी विचारायचा.

आपला अहवाल या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यासाठी एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. बँक सखीला किंवा कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला घेऊन बसा आणि एकदा बघा. आपण न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं, किंवा फेडलेलं कर्ज अजून उभं दिसलं, तर तक्रार करता येते. तीस दिवसांत तिचा निकाल लागायला हवा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई, असा २०२४ पासून नियम आहे. वर सांगितलेल्या ताईची नोंद मात्र चुकीची नव्हती. तिला दिराच्या मागं लागून थकबाकी भरून घ्यावी लागली. शेळ्या एक वर्ष उशिरा आल्या.

चौथा अर्थ कॉलेजातला. माझी भाची शिवाजी विद्यापीठाच्या एका कॉलेजात शिकते. घरी आली आणि म्हणाली, “माझे चार क्रेडिट राहिलेत.” तिची आजी दचकली, “कुणाचं देणं राहिलं गं पोरी?” ते श्रेयांक. विषयाला ठरावीक श्रेयांक असतात, विषय पास झाला की ते तिच्या नावावर जमा होतात. म्हातारीला समजावलं, तरी तिनं पदराची गाठ सोडून दोनशे रुपये काढलेच.

पाचवा अर्थ, श्रेय. कामाचं क्रेडिट कुणाला गेलं, असं आपण म्हणतो. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेतल्याशिवाय शिक्षणाचा विषय पुढं जात नाही. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्यातलं बोर्डिंग १९२४ चं. त्या बोर्डिंगमधल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. संस्थेनं त्यांची आठवण ठेवली आहे. पण आपल्या घराघरांत अशा किती जणी असतील? विहिरीवर मोटर बसवली तर मोटर मालकांची, तिच्या कर्जाचे हप्ते गटातून बाईनं भरलेले. कर्जाच्या अर्जात व्यवसाय या रकान्यात तीच बाई गृहिणी लिहिते. दोन म्हशींचं दूध डेअरीला घालणारी बाई! मी आता अर्ज भरताना आधी विचारते, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. आणि मग तो रकाना भरते. दुग्धव्यवसाय. शेती. शिवणकाम. जागा कमी पडते, तर बारीक अक्षरात लिहायचं.

माणमधल्या त्या गटाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. स्लिप आक्कांनी बँकेतच फाडली. दिवाळी साधीच झाली, एकमेकींच्या घरच्या करंज्या वाटून. आक्कांनी आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाळलं, आणि ते बरोबरच होतं, कारण मला सांगता आलं पाहिजे होतं. मग पुढच्या बैठकीला त्यांनीच पासबुकाच्या पुठ्ठ्यावर आतून एक कागद चिकटवून आणला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, सीआर म्हणजे येणं, डीआर म्हणजे देणं. खाली त्यांची सही.

त्या दिवशी त्यांनी शेवटची ओळ अशी वाचली, “कॅश क्रेडिट खातं. देणं एक लाख एकतीस हजार.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक काकू म्हणाल्या, “सतरा हजार उतरलं म्हणा की,” आणि इतिवृत्तात तेच लिहिलं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला पासबुक भरून आणा. शेवटची ओळ एकीनं मोठ्यानं वाचायची आणि दुसरीनं पुढची दोन अक्षरं. काही अडलं तर बँक सखीला विचारा, नाहीतर रेडिओवर कळवा. नमस्कार.